मला लागलीय, असं सुमेध म्हणायचा

तुम्हाला हा आजार असेल तर तुम्ही हे बहुतेक आत बसूनच वाचत असाल. बसा आरामात. मी पण अर्धं आत बसूनच लिहिलंय.

नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं आणि कधी धावत सुटावं लागेल ते आपल्या हातात राहत नाही. बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतील, मला एवढंच कळतं. माझा धंदा मिमिक्रीचा. पुढारी द्या, कॉमेंट्रीवाला द्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये "माझा मुद्दा एवढाच आहे" म्हणून अर्धा तास बोलणारे काका द्या, मी करून दाखवतो. माझी मिमिक्री मात्र कोणाला जमत नाही, असं मी सगळीकडे सांगायचो.

एकाला जमली. मला ते परदेशात, संडासात बसलेलो असताना कळलं.

मग बरं होईल ना

रक्त पडायला लागलं तेव्हा मी घरी बोललोच नाही. मूळव्याध असेल, जाईल, असं स्वतःलाच सांगत बसलो. आई म्हणायची, "बाहेरचं खातोस ना रोज, मग पोट बिघडणारच." ठाकुर्लीतल्या आमच्या वन-बीएचकेमध्ये एकच संडास आणि त्याच्यावर सकाळी पप्पांचा हक्क. पप्पा पेपर घेऊन आत, मी बाहेर दार धरून उभा. एक दिवस नाहीच धरवलं. तेव्हा घरात कळलं.

ठाण्याच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीची तपासणी झाली. आदल्या दिवशी एक पावडरचं पाणी पाजतात. चव म्हणजे लिंबू सरबतात कोणीतरी पोहून गेलंय. डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवले. पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "कॅन्सर नाही ना?"

"नाही."

"हां. मग बरं होईल ना."

"बरं होणार नाही काका. शांत राहील. गोळ्या बंद करायच्या नाहीत."

पप्पा माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी कुठे पकडलो गेलोय. आईने हळूच विचारलं, "लग्नाचं कसं डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "करा की लग्न. लग्न पोटाने थोडंच करतात." मी हसलो. आई हसली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कोणाला सांगायचं नाही हं मयूर. आत्याला पण नाही."

मला ते पटलं, हे खरं सांगतो. मी कल्याणजवळच्या मोहन्यात वाढलोय, ठाकुर्लीला आम्ही नंतर आलो. आमच्याकडे एकदा नाव पडलं की पडलं. शाळेत एका पोराची एकदाच चड्डी खराब झालेली, तो आता दोन पोरांचा बाप आहे, तरी नाक्यावर त्याला त्याच नावाने हाक मारतात. मला ते नाव नको होतं. स्टेजवर उभा राहणाऱ्या माणसाला तर अजिबात नको.

वॉर्डातला पार्टनर

घरच्यांशिवाय एकालाच माहिती होतं. सुमेधला. सुम्या आणि मी पाचवीपासून एका बाकावर. एकत्र मिमिक्री करायला लागलो, गॅदरिंगपासून नवरात्रापर्यंत. जोडीचा कार्यक्रम. तो एक आवाज काढणार, मी त्याला दुसऱ्या आवाजात उत्तर देणार.

पुढे आजार भडकला आणि मला ॲडमिट केलं. हॉस्पिटलातलं रुटीन तुम्हाला माहिती असेल: सकाळी सुई, मग मऊ भात, मग डॉक्टरांचा राउंड, मग "आज किती वेळा?" हा प्रश्न अख्ख्या वॉर्डासमोर. कितीही हळू सांगा, पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणणार, "काल जास्त होतं ना?"

सुम्या ऑफिस सुटलं की यायचा. सिस्टरचा आवाज काढून मला दम भरायचा, "पेशंट, पाय खाली नाय सोडायचा." एकदा खरी सिस्टर मागे उभी होती. ती म्हणाली, "आवाज बरा आहे, पण मी एवढी गोड नाही बोलत." आजोबा हसून हसून खोकले.

एक संध्याकाळ मात्र अशी आली की मला खाटेवरून उतरता उतरताच झालं. आई खाली औषधं आणायला गेलेली. सुम्याने पडदा ओढला. माझी पॅन्ट काढली, बाथरूममध्ये नेली, धुतली, पिळली, परत आला. मी रडत होतो. त्याला एवढंच म्हणालो, "सुम्या... आईला नको सांगू." तो म्हणाला, "काय सांगू? पाणी सांडलं." त्या दिवसानंतर आम्ही दोघं त्यावर एक शब्दही बोललो नाही. मला वाटायचं याला म्हणतात दोस्ती.

टूर

मग जर्मनीची टूर आली. तिकडच्या मराठी मंडळांसाठी गाणी आणि कॉमेडीचा कार्यक्रम. मानेदादा आमचा मॅनेजर, दोन गायिका, तीन वाजवणारे, आणि आम्ही. एक मिनीबस, गावोगाव शो. पप्पा म्हणाले, "तिकडे रस्त्यात लागली तर कोणाच्या दारात जाशील?" आई म्हणाली, "जाऊ दे त्याला," आणि बॅगेत इतकं मेतकूट आणि तांदूळ भरले की मानेदादाने विचारलं, "बाळंतपणाला चाललायस काय?" डॉक्टरांनी गोळ्या बांधून दिल्या, हो म्हणाले. मानेदादाला सांगायचा प्रश्नच नव्हता. आजारी माणसाला कोण परदेशी नेतंय?

आता तिकडच्या संडासाबद्दल. हे तुमच्या उपयोगाचं आहे, नीट वाचा.

एक, हायवेवर संडासाला फिरतं गेट असतं. नाणं टाका, मग गेट फिरणार. तुम्हाला आतून धक्के बसतायत आणि तुम्ही खिशात नाणं शोधताय. सुटे आधीपासून मुठीत ठेवा. गेटवरून उडी मारू नका, मी एकदा विचार केलेला, पण उडी मारणं आमच्या आजारात परवडत नाही.

पुढचं म्हणजे, आत पाणी नाही. कागद. आमच्यासारख्यांना कागद म्हणजे जखमेवर सँडपेपर. म्हणून मी बाटली ठेवायचो. पहिल्याच दिवशी बेसिनच्या नळाखाली बाटली भरत होतो. तिथे सफाई करणारी एक बाई होती. ती धावत आली आणि भिंतीवरची पाटी दाखवायला लागली. नळावर काट मारलेला ग्लास. म्हणजे हे प्यायचं पाणी नाही. मी मान हलवली, "नो ड्रिंक, नो ड्रिंक." आणि बाटली भरतच राहिलो. तिचा चेहरा पडला. मी आत जाऊन बाहेर आलो तर बाटली रिकामी. बिचारीने डोक्याला हात लावला. तिला वाटलं मी संडासात लपून सगळं प्यालो. तिने स्वतःच्या पिशवीतून मला पाण्याची सीलबंद बाटली दिली. मी घेतली. काय सांगणार होतो तिला?

तिसरी गोष्ट माझी एकट्याची. मला बाटलीपेक्षा, नाण्यापेक्षा सुम्याचा आधार होता.

आमचं ठरलेलं होतं. पोटात कळ आली की मी शाळेतल्या पीटीच्या सरांच्या आवाजात म्हणायचो, "लाइन सोडू नका रे." बसमध्ये सगळ्यांना वाटणार, मयऱ्या टाइमपास करतोय. आणि सुम्या लगेच उठून ड्रायव्हरकडे जाणार. "ओ दादा, थांबवा ना, मला लागलीय." बसमधून शिव्या सुम्याला. "अरे काय पोट आहे का नळ?" "याला डायपर लावा." सुम्या सगळं ऐकून घ्यायचा आणि वर मलाच म्हणायचा, "चल ना मयऱ्या सोबतीला, एकट्याला भीती वाटते." मी "काय कटकट आहे" असं तोंड करून उतरायचो आणि मग पळायचो. तो गेटजवळ माझी बॅग धरून उभा. बाटली माझ्या हातात, बॅगेत गोळ्या, कपड्यांचा जोड.

मी बाहेर आलो की तो विचारायचा पण नाही. फक्त बॅग पुढे करायचा. त्या बसमध्ये माझ्यासाठी एक माणूस रोज स्वतःची इज्जत काढून देतोय, हे आठवलं की मला रात्री झोप लागायची.

स्पीकर

तिसरा शो एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हॉल फुल. नऊवारी, झब्बे, पोरंबाळं, बटाटेवड्याचा वास. आधीच्या दोन्ही शोना मला ऐन वेळी जावं लागलेलं, पण तिथे संडास लांब होता; इथे मेकअप रूमला लागूनच संडास, आणि मेकअप रूममध्ये एक छोटा स्पीकर. स्टेजवरचा आवाज त्यातून येतो, म्हणजे आपली एंट्री कळते.

लावणी संपली की आमची एंट्री. लावणी चालू असतानाच मला कळ आली. मी सुम्याकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, "जा तू. मी भरतो."

मी आत. लावणी संपली, टाळ्या, आणि स्पीकरमधून सुम्याचा आवाज आला.

"मंडळी, आमचा पार्टनर मयूर कुठेय असं तुम्ही विचाराल. तो ऑफिसला गेलाय. जर्मनीत त्याचं ऑफिस जागोजागी आहे. आत जायला तिकीट आहे, पण पगार नाही."

लोक हसले. मी पण हसलो, आईशपथ. मला वाटलं एवढ्यावर थांबेल.

"त्याच्या बॅगेत काय असतं? पासपोर्ट एक, चड्ड्या चार. बसमध्ये कळ त्याला येते, आणि उठून मी म्हणायचं, मला लागलीय. माझं पोट लोखंडी आहे हो. पण अख्ख्या जर्मनीत बदनाम कोण? मी."

हॉल फुटला. मग त्याने माझा आवाज काढला. बोलता बोलता कळ आली की मी वाक्याच्या मधेच थांबतो, नाकाने श्वास घेतो आणि मग उरलेलं वाक्य घाईत संपवतो. हे मला स्वतःला माहिती नव्हतं. स्पीकरमधून ऐकलं तेव्हा कळलं, की हो, मी असाच बोलतो. हे फक्त खाटेशेजारी बसलेल्या माणसाला माहिती असणार.

आणि मग त्या आवाजात तो म्हणाला, "सुम्या... आईला नको सांगू."

तो सगळ्यात मोठा लाफ्टर होता. भिंतीला हात लावलेला तर भिंत हलत होती.

मी आत बसलेलो. उठता येत नव्हतं. उठून करणार काय? आमच्या आजारात राग आला तरी आधी काम पूर्ण करावं लागतं.

एक गोष्ट मला त्याच वेळी कळली, आणि ती त्या हसण्यापेक्षा जास्त लागली. मी सुम्याबरोबर इतके कार्यक्रम केलेत की त्याचं सगळं पाठ आहे. कुठलाही आयटम तो पहिल्यांदा करतो तेव्हा दुसरा पंच खातो. घाई करतो, लोकांचं हसू संपायच्या आधी पुढचं बोलतो. नेहमी. इथे त्याने एकही पंच खाल्ला नाही. प्रत्येक हशाला थांबला, बरोबर तेवढाच. "आईला"च्या आधीचा तो श्वाससुद्धा बसवलेला होता.

म्हणजे हे आता सुचलेलं नव्हतं.

मी पाणी घेतलं, हात धुतले, स्टेजवर गेलो. मी नुसता चालत आलो तरी लोक हसायला लागले. मी पुढाऱ्याचा आवाज काढला, हसले. मी थांबलो, हसले. मधेच मला खरोखर श्वास घ्यावा लागला, त्यावर तर टाळ्या पडल्या.

विंगेत मानेदादाने पाठीवर थाप मारली. "मागच्या दोन शोपेक्षा आज भारी गेलं रे ते तुझं संडासवालं. तू स्वतःवर घेतोस, मोठं मन लागतं."

मागच्या दोन शोपेक्षा.

मी बसमधल्या सगळ्यांचे चेहरे आठवले. "पोट आहे का नळ." "याला डायपर लावा." पहिल्या शोपासून सगळ्यांना माहिती होतं. सुम्या उठून "मला लागलीय" म्हणायचा तेव्हा ते शिव्या देण्याची ॲक्टिंग करत होते. गायिका पण, ढोलकीवाला पण. माझी लाज राखायला म्हणून असेल, मजा म्हणून असेल. पण त्या बसमध्ये रोज एक नाटक चालायचं आणि त्याचा प्रेक्षक एकटा मी होतो.

शुभदाताई

जेवणाच्या वेळी मी कोपऱ्यात नुसता दहीभात घेऊन बसलेलो. साठीच्या एक बाई आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मूळच्या डोंबिवलीच्या, शुभदाताई. लग्न करून तिकडे गेल्या त्या तिथल्याच झाल्या.

"तुझ्या मित्राने जे केलं ते खरं आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"आयटम होता तो."

"ते कळलं मला. मी हसले नाही. मलाही हेच आहे, तुझ्याएवढी होते तेव्हापासून. म्हणून विचारलं."

मी भात कालवत राहिलो.

"बसमधून जाताना काय करतोस?"

मी सांगितलं. लाइन सोडू नका, वगैरे सगळं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुला लागल्यावर तुझ्यासाठी दुसरा माणूस बोलतो. आणि तो नसेल तर?"

"तो असतो."

"असतो," त्या म्हणाल्या, आणि ज्या टेबलावर सुम्या लोकांबरोबर सेल्फी काढत होता तिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "इथे कोणत्याही दुकानात जायचं आणि सरळ सांगायचं. मला आतड्याचा आजार आहे, मला लगेच तुमचं टॉयलेट वापरू द्या. आजवर मला क्वचितच कोणी नाही म्हटलंय. मी जर्मनमध्ये सांगते, तू लिहून घे."

"लिहायला नको. तुम्ही फक्त बोला," मी म्हटलं.

त्यांनी म्हटलं. "इश हाबं आयनं डार्म-क्रांकहाइट..." आणि पुढचं. त्यांच्या जर्मनमध्ये डोंबिवली होती, आणि शेवटाला आवाज थोडा वर जायचा, वाण्याला "जरा नीट मोजा हं" म्हणतात तसा. मी दोनदा ऐकलं आणि म्हणून दाखवलं. त्या दचकल्या. "अरे, ही तर मी." मग हसल्या. त्या दिवसातलं मला आवडलेलं हसणं तेवढं एकच.

बेकरी

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कळ आली. सुम्या पलीकडच्या सीटवर. त्याला माझ्याकडे बघून समजलं, तो वाट बघत होता. मी पीटीच्या सरांचा आवाज काढला नाही. त्याने वाट बघितली आणि शेवटी स्वतःच उठला, "ओ दादा, मला..."

"बस खाली," मी म्हटलं. पीटीच्या सरांच्या नाही, माझ्याच आवाजात.

मी ड्रायव्हरपाशी गेलो. तो गोरा, धिप्पाड माणूस. त्याला शुभदाताईंच्या आवाजात सगळं वाक्य म्हणून दाखवलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. साठ वर्षांची मराठी बाई माझ्या तोंडून जर्मन बोलतेय, तरी त्याने काही विचारलं नाही. पुढच्याच गावात एका बेकरीसमोर थांबवली. काउंटरवरच्या पोरीला पण मी तेच वाक्य म्हटलं. तिने हातातला पाव खाली ठेवला आणि मला मागे नेऊन दार उघडून दिलं. नाणं नाही, गेट नाही. मागे बस उभी आहे आणि बसमध्ये सगळ्यांना माहिती आहे की मी का उतरलोय. पण जमलं. तुम्हालाही जमेल, फक्त पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत कठीण आहे.

बाहेर आलो तर सुम्या फुटपाथवर, माझी बॅग घेऊन उभा.

"तू बोलणार नाहीयस का माझ्याशी?"

मी बॅग घेतली.

"अरे पहिल्या शोला तू आत अडकलेलास. मला वेळ भरायचा होता. तोंडातून निघून गेलं. लोक इतके हसले, मयऱ्या. आपल्या कुठल्याच आयटमला असे हसले नव्हते."

"पहिल्या शोला निघून गेलं. दुसऱ्याला?"

तो बसकडे बघायला लागला.

"तिसऱ्याला तर तू श्वास पण बसवला होतास."

"तू पण सगळ्यांची करतोस ना मिमिक्री. पीटीच्या सरांची करतोस. सोसायटीच्या सेक्रेटरीची करतोस."

"त्यांच्या तोंडावर करतो. सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसतो आणि घरी फोन करून बायकोला ऐकवतो."

"तुझ्या तोंडावर कशी करणार होतो मी?"

"तेच विचारतोय."

मानेदादाने हॉर्न वाजवायला सांगितला. आम्ही चढलो. उरलेल्या शोमध्ये मी माझं केलं, त्याने त्याचं. त्याने तो आयटम परत केला नाही. मी त्याला परत माझ्यासाठी उठू दिलं नाही.

आत्ता

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, आत्याला सांगून टाक. आई दोन दिवस बोलली नाही, मग तिनेच फोन लावला. आत्या म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं पोरगं दारू पितंय." पप्पांनी सकाळचा पेपर हॉलमध्ये वाचायला सुरुवात केलीय. त्यामुळे संडासाचं दार मोकळं असतं. जर्मनीतल्या आयटमचा व्हिडिओ फिरला आणि नाव पडायचं ते पडलं. मोहन्यात मला आता ऑफिसर म्हणतात. जास्त वाईट पडू शकलं असतं.

मी एकट्याने कार्यक्रम करतो. जोडीचे आयटम एकट्याने करताना अर्धे पडतात, कारण दुसरा आवाजही मलाच काढावा लागतो, आणि त्याला उत्तरही मीच द्यायचं असतं.

नवरात्राच्या आधी सुम्याचा फोन आला. ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाने त्याला बोलावलंय. कोणीतरी जर्मनीतला व्हिडिओ बघितलाय, त्यांना तोच आयटम पाहिजे.

"तुला विचारल्याशिवाय नाही करणार," तो म्हणाला.

"कर. मी येतो. पहिल्या रांगेत बसतो."



"तू समोर असलास तर नाही जमणार रे मला."

"मग ती मिमिक्री नाही सुम्या. ती चहाडी आहे."

मंडळाला नाही म्हणून सांगतो म्हणाला. सांगितलं की नाही, मी चौकशी केली नाही. फोन ठेवायच्या आधी त्याने जुन्या आवाजात विचारलं, वॉर्डात यायचा तेव्हाच्या, "पोट कसं आहे आता?"

गेल्या दोन महिन्यांत मला पुन्हा रक्त पडलेलं. गोळ्यांचा डोस वाढवलाय, आणि कधीकधी संध्याकाळी भीती वाटते. पूर्वी हे सगळ्यात आधी त्यालाच कळलं असतं.

"गोळ्या चालू आहेत," मी म्हटलं. लिफ्टमध्ये कोणी शेजाऱ्याने विचारलं की मी हेच उत्तर देतो.